मातीचे वाचक

आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील मोठे गाव आहे. नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता या गावावरून जातो. गावाभोवती काळीभोर जमीन पसरलेली आहे. शेतकरी या पिकाऊ जमिनीला 'काळी' म्हणतो आणि ज्या जमिनीवर वस्ती असते तिला 'पांढरी' म्हणतो. काळी माणसाला पोसते, पांढरी त्याला आसरा देते. मराठवाड्यातीलच काय, पण साऱ्या महाराष्ट्रातील खेड्यांत हे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

पण एकाच शिवारातील मातीचे असे दोन रंग का व्हावेत? काळी माती निसर्गाने घडविली. पांढरी माती माणसाने घडविली. जेथे माणसे शेकडो वर्षे राहतात तेथे रोज चुलीतील राख बाहेर पडते. शेणाने सारवलेली जमीन झिजते, मातीच्या भिंती पावसाने ढासळतात, मडकी फुटतात, हाडे व भुसा उकिरड्यावर जातो. पडलेले घर सपाट करून त्यावर नवे घर बांधले जाते. अशा रीतीने वस्ती हळूहळू उंच होत जाते आणि तिच्या मातीला राखेरी, पांढरट रंग येतो. पुढे दुष्काळ, रोगराई किंवा लढाई यांमुळे लोक गाव सोडून गेले, की मागे उरते ते एक ओसाड टेकाड. त्यावर पाऊस पडला म्हणजे खापरे उघडी पडतात. एखादा मणी, एखादे झिजलेले नाणे चमकू लागते. गुराखी मुले ते उचलतात, क्षणभर पाहतात आणि पुष्कळदा फेकूनही देतात.

हे टेकाड म्हणजे एक ग्रंथच होय. त्याची पाने कागदाची नाहीत, मातीच्या थरांची आहेत. जे लोक हा ग्रंथ वाचण्याची विद्या शिकतात त्यांना पुरातत्त्वज्ञ म्हणतात. मात्र या ग्रंथाचा एक विलक्षण गुण आहे. शाळेतील पुस्तक दहा वेळा वाचले तरी जसेच्या तसे राहते; मातीचा ग्रंथ मात्र एकदाच वाचता येतो. वरचा थर काढल्यावाचून खालचा दिसत नाही आणि काढलेला थर पुन्हा जागच्या जागी बसविता येत नाही. वाचता वाचताच पान नाहीसे होते! म्हणून या विद्येत घाईला स्थान नाही. पान नाहीसे होण्यापूर्वी त्यावरील प्रत्येक अक्षर उतरून घेणे, हेच तिचे मुख्य शिक्षण आहे.

हे शिक्षण महाराष्ट्रात रुजविण्याचे मोठे श्रेय डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांना जाते. त्यांचा जन्म १९०८ मध्ये मुंबईस झाला. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि तेथे प्रसिद्ध उत्खननतज्ज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली त्यांनी प्रत्यक्ष खणण्याचे धडे घेतले. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा सांकलिया तेथे अध्यापक झाले. पुढे व्हीलर भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी १९४४ मध्ये तक्षशिला येथे तरुणांसाठी शिक्षणवर्ग भरविला. नुसती पुस्तके वाचून हे शास्त्र येत नाही, हात मातीने माखावे लागतात, हे त्या वर्गाचे सूत्र होते. सांकलिया यांनीही आपल्या विद्यार्थ्यांना नद्यांच्या काठाकाठाने हिंडविले. गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड यांच्या तीरांवरील पांढरी त्यांनी न्याहाळली. जोर्वे, नेवासे, इनामगाव ही एरवी साधी दिसणारी गावे त्यांच्या परिश्रमाने जगातील विद्वानांना ठाऊक झाली.

अशा शिबिरात आलेल्या नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी कुदळ दिली जात नाही. प्रथम त्याला चालावयास शिकावे लागते. नदीचा काठ, ओढ्याची दरड, शेताचा बांध या साऱ्यांवरून डोळे जमिनीकडे लावून तो चालतो. मातीचा रंग कोठे पालटला, खापरे कोठे दाट झाली, हे तो वहीत टिपून घेतो. या कामाला पाहणी म्हणतात. त्यानंतर मोजमापाची पाळी येते. टेकाडावर खुंट्या ठोकून व सुतळ्या ताणून चौरस आखले जातात. प्रत्येक चौरसाला क्रमांक मिळतो. दोन चौरसांमधील माती मुद्दाम न खणता भिंतीसारखी उभी ठेवतात. कारण तिच्या कडेवर सारे थर एकावर एक स्पष्ट दिसतात.

मग खणण्यास आरंभ होतो. येथे कुदळीपेक्षा खुरपे, गवंड्याच्या करणीसारखे छोटे अवजार आणि मऊ कुंचला यांचाच उपयोग अधिक. माती पातळ पातळ खरवडली जाते आणि निघालेली माती चाळणीतून चाळली जाते. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, हा नियम ऐकावयास सोपा वाटतो. पण माती वाचकाला फसवितेही. समजा, एका वस्तीवर पाचशे वर्षांनी दुसरे लोक राहावयास आले आणि त्यांनी धान्य साठविण्यासाठी खोल पेव खणले. पुढे ते पेव कचऱ्याने भरून गेले. आता नव्या काळचे खापर जुन्या थराच्या पातळीला जाऊन बसले! केवळ खोली मोजणारा येथे हमखास चुकेल. पेवातील माती किंचित सैल असते, तिचा रंग थोडा वेगळा असतो. हा सूक्ष्म भेद ओळखणारा डोळा तयार व्हावयास अनेक महिने उन्हात बसावे लागते.

खड्ड्याबाहेरचे कामही तेवढेच महत्त्वाचे असते. निघालेली खापरे धुऊन, वाळवून, प्रकारवार मांडली जातात. जोर्वे येथे प्रथम ओळखल्या गेलेल्या तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी असते. ती इतकी उत्तम भाजलेली असतात, की त्यांच्या खापराला टिचकी मारली असता धातूसारखा खणखणीत नाद येतो. नवशिक्या हे सारे हाताने, डोळ्याने आणि कानानेही शिकतो. प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवली जाते. तीत गावाचे नाव, चौरसाचा क्रमांक, थर, खोली आणि दिनांक लिहिलेला असतो. चिठ्ठी हरवली, तर ती वस्तू निराधार झाली असे समजतात. आणि रोज संध्याकाळी दिव्याच्या उजेडात दैनंदिनी लिहिली जाते. जे दिसले नाही ते लिहावयाचे नाही आणि जे दिसले ते आपल्या मताविरुद्ध असले तरी गाळावयाचे नाही, ही या विद्येची शपथच आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर महाराष्ट्रातीलच दोन गावे देतात.

पहिले गाव दायमाबाद. ते आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी आहे. तेथील पांढरीचे महत्त्व १९५८ मध्ये ध्यानात आले होते. १९७४ मध्ये एक शेतकरी एका झाडाच्या बुंध्याशी खणत असता त्याला चार भरीव मूर्ती सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि बैलांच्या जोडीचा रथ हाकणारा पुरुष! चारही मूर्ती ब्राँझ धातूच्या असून त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक भरले. एकटा रथच सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे. भारतात सापडलेल्या प्राचीन धातुशिल्पांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. परंतु त्या कोणत्या थरात होत्या, त्यांच्या शेजारी कोणती खापरे होती, हे कोणत्याही शिकलेल्या डोळ्याने पाहिले नव्हते. त्यामुळे काही विद्वान त्यांना हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील मानतात, तर दुसरे काही विद्वान धातूच्या परीक्षणावरून त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्यात असे म्हणतात. यात त्या शेतकऱ्याचा मुळीच दोष नाही. तो आपले काम करीत होता. पण त्या पानावरील अक्षरे टिपली न गेल्यामुळे इतक्या मोलाच्या मूर्ती आपले वय सांगू शकत नाहीत.

दुसरे गाव इनामगाव. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या गावी डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी आणि विद्यार्थ्यांनी १९६८ ते १९८३ या काळात अनेक हंगाम उत्खनन केले. तेथे सोन्याची रास निघाली नाही. निघाली ती जळालेली धान्ये, जनावरांची हाडे, चुली, खापरे आणि १३० हून अधिक घरांचे अवशेष. पण प्रत्येक दाणा कोणत्या थरातला, हे चिठ्ठीवर लिहिलेले होते. म्हणून त्या क्षुल्लक वस्तू बोलू लागल्या. इ. स. पूर्व सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. मधल्या थरांत मोठी चौकोनी घरे होती. लोक सातू, गहू, मसूर, वाटाणा पिकवीत. पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी बांध घातला होता व कालवाही काढला होता. मृत बालकांना ते दोन कुंभांत, कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून, घराच्या जमिनीखालीच ठेवीत. जणू मूल घराबाहेर दूर जाऊ नये!

वरच्या थरांत मात्र चित्र पालटले. इ. स. पूर्व १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागल्या. भांडी ओबडधोबड झाली. शेतीचे धान्य कमी झाले आणि शिकारीच्या जनावरांची हाडे वाढली. या सर्वांवरून संशोधकांनी अनुमान काढले, की पाऊस कमी कमी होत गेला, शेती पिकेनाशी झाली आणि शेवटी लोकांनी गाव सोडले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची ही कहाणी कोणीही लिहून ठेवली नव्हती. कारण त्या लोकांना लिपीच ठाऊक नव्हती. ती कहाणी राखेने, दाण्यांनी आणि हाडांनी सांगितली. दुष्काळाचे चटके सोसलेल्या मराठवाड्याला तिचे मोल वेगळे समजावून सांगावयास नको.

दायमाबादच्या मूर्ती भव्य असूनही अर्ध्या मुक्या राहिल्या. इनामगावचा जळका दाणा क्षुद्र असूनही बोलला. सगळा फरक नोंदीचा होता.

आता थोडे आपल्या मुलखाकडे वळू. हिंगोली जिल्ह्याच्या उत्तरेस वाशिम आहे. प्राचीन काळी हे वाकाटक राजांचे वत्सगुल्म नगर होते. तेथे विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट मिळाला आहे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखात नांदिकट, म्हणजे आजचे नांदेड, याच्या उत्तरेकडील मुलखातील एका गावाच्या दानाची नोंद आहे. आखाडा बाळापूर याच नांदेडच्या उत्तरेस आहे. ताम्रपट म्हणजे तांब्याचे पत्रे. ते कोणी भांडी करण्यासाठी वितळविले असते, तर या भागाच्या इतिहासाचे एक पान कायमचे नष्ट झाले असते.

याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाचे मंदिर तर सर्वांच्या परिचयाचे आहे. यात्रेकरू दर्शन घेऊन परततात. पुरातत्त्वाचा विद्यार्थी मात्र भिंतीही वाचतो. खालचा भाग यादवकाळातील कोरीव काळ्या दगडांचा आहे. वरची चुनेगच्चीची बांधणी व शिखर मागाहून झालेले आहे. टेकाडाप्रमाणे मंदिरालाही थर असतात, हे येथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

अशा वास्तूंवर लक्ष ठेवणे हे या विद्येचे दुसरे अंग आहे. उत्खनन काही दिवस चालते. राखण मात्र नित्य करावी लागते. वारसा राखणारा कार्यकर्ता वास्तूचे छायाचित्र दर वर्षी त्याच जागेवरून घेतो आणि मागच्या छायाचित्राशी ताडून पाहतो. भिंतीला चीर दिसली, तर तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवून दिनांक लिहितो. काही दिवसांनी पट्टी तडकली, तर भिंत अजून हलत आहे हे कळते. पिंपळाचे इवलेसे रोप सांध्यात उगवले, तर ते वेळीच काढावे लागते. नाही तर त्याची मुळे मोठमोठे दगड विलग करतात. पाणी कोठे मुरते, कोरीव दगडावर कोणी तैलरंग फासला काय, सिमेंट लिंपले काय, याचीही नोंद होते. आता या कामी ड्रोन व उपग्रहांनी घेतलेली चित्रेही उपयोगी पडतात. तरीपण जागेवर जाऊन पाहणाऱ्या डोळ्याची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

कायद्यानेही या ठेव्याला संरक्षण दिले आहे. १९५८ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संरक्षित झाली; २०१० मधील दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. १९७२ च्या कायद्याने खासगी व्यक्तींना पुराणवस्तू परदेशी पाठविण्यास बंदी केली. आणि १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत १० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे.

पण कायदा प्रत्येक टेकाडाजवळ उभा राहू शकत नाही. धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी लोक पूर्वीपासून पांढरी माती नेत आले. टोपलीने नेलेली माती थोडी असे. आता यंत्राने एका दिवसात सारे टेकाड नाहीसे होऊ शकते. त्याला वाचविणारा माणूस गावातलाच असावा लागतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी असा एक माणूस होऊन गेला. तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव आलेले आहे; तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. या तेरच्या पांढरीत मिळणाऱ्या वस्तू रामलिंगाप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमविल्या आणि जपल्या. आज तेरच्या शासकीय पुराणवस्तुसंग्रहालयाला त्यांचेच नाव दिलेले आहे. प्रेम आणि चिकाटी असेल, तर एक गावकरी सुद्धा केवढे काम करू शकतो, याचा हा पुरावा आहे.

ज्याला या विद्येत पुढे जावयाचे आहे, त्याला आज वाट मोकळी आहे. पदवी घेतल्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे उच्च शिक्षण घेता येते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ही १८६१ मध्ये स्थापन झालेली संस्था ग्रेटर नोएडा येथे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालविते. इतिहास व संस्कृत जाणणारा येथे हवाच; पण दाणे ओळखणारा वनस्पतिशास्त्रज्ञ, हाडे ओळखणारा प्राणिशास्त्रज्ञ, कोळशावरून वय काढणारा वैज्ञानिक, नकाशे काढणारा चित्रकार, हे सारे या कामी एकमेकांचे सोबती असतात.

पण पहिला धडा त्याच्याही आधी, शाळेत असतानाच गिरविता येतो. पावसाळ्यानंतर बाळापूरच्या किंवा कोणत्याही गावच्या शिवारात एखादे नक्षीचे खापर, कोरीव दगड किंवा अक्षरे असलेला पत्रा दिसला, तर तो खणून काढू नये. जागा नीट पाहावी, जवळची खूण ध्यानात ठेवावी, वहीत दिनांक घालून लिहावे आणि गुरुजींना किंवा बाईंना सांगावे. वस्तू जागेवरच असली म्हणजे तिच्या शेजारची मातीही तिच्या बाजूने साक्ष देते.

काळी दर वर्षी नवे पीक देते. पांढरी मात्र आपली कहाणी एकदाच सांगते. ती ऐकावयास त्या वेळी कोणीतरी जाणता माणूस जवळ असला पाहिजे.

शब्दार्थ

पांढरी – गावठाणाची, वस्तीची जमीन. पेव – धान्य साठविण्यासाठी जमिनीत खणलेली खोल जागा. खापर – फुटलेल्या मडक्याचा तुकडा. दरड – पाण्याने कापलेला उंच काठ. ताम्रपट – तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख. चुनेगच्ची – चुन्यातील पक्के बांधकाम.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) पांढरीच्या मातीला राखेरी रंग का येतो?
(आ) दोन चौरसांमधील माती न खणता का ठेवतात?
(इ) भिंतीच्या चिरेवर काचेची पट्टी कशासाठी चिकटवितात?

२. कारणे द्या :
(अ) मातीचा ग्रंथ एकदाच वाचता येतो.
(आ) दायमाबादच्या मूर्तींच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत.
(इ) केवळ खोली मोजणारा उत्खनक चुकू शकतो.

३. 'सगळा फरक नोंदीचा होता.' इनामगाव व दायमाबाद यांची तुलना करून हे विधान आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : निराधार, खटाटोप, न्याहाळणे, साक्ष देणे.

५. आपल्या गावातील जुनी विहीर, वेस, गढी, मंदिर, मशीद किंवा वीरगळ यांपैकी एकाची पाहणी करा. तिची जागा, मापे, सद्यःस्थिती आणि दिनांक वहीत लिहा. पुढील वर्षी त्याच दिवशी पुन्हा पाहून काय बदल झाला ते नोंदवा.